कुमासीच्या राणीसाहेब आणि दुबईची हवा

राणीसाहेब नव्या माणसाला त्याचं नाव नंतर विचारायच्या. आधी विचारायच्या त्याच्या अंगावरच्या कापडाचं. "हे कोणतं?" म्हणून त्या समोरच्याची बाही चिमटीत धरायच्या, दोनदा चुरून बघायच्या आणि उत्तर मिळेपर्यंत सोडायच्या नाहीत. बँकेचा मॅनेजर असो, की आमच्याकडे पाण्याच्या बाटल्या टाकणारा पठाण असो. बहुतेक जण गोंधळून "कॉटन" म्हणायचे. मग राणीसाहेब बाही सोडून माझ्याकडे वळायच्या आणि सुस्कारा टाकून म्हणायच्या, "बिचारा. अनाथ कापड घालून हिंडतोय."

मी तेव्हा दुबईच्या जबल अली बंदरापाशी एका छोट्या कार्गो कंपनीत कागदपत्रं बघत होते. कंपनी म्हणजे एक वेअरहाउस, त्याला चिकटून पत्र्याचं ऑफिस, दोन पेशावरी लोडर, मी आणि मालक परकारभाई. परकारभाई मूळचे रत्नागिरीकडचे. तीस वर्षं आखातात काढूनही नारळ हलवून पाणी ऐकल्याशिवाय विकत न घेणारे. एके दिवशी घाना देशातल्या आमच्या एजंटाचा फोन आला, की कुमासीच्या बाजारातली कापडाची क्वीन गुरुवारी स्वतः येतेय, तिची नीट व्यवस्था ठेवा. परकारभाईंनी 'क्वीन' ऐकलं आणि पुढचं ऐकायचं सोडून दिलं.

ह्या देशात राहून राजघराणं म्हटलं की आमच्या पाठी आपोआप ताठ होतात. परकारभाईंनी शारजाच्या एका लग्नवाल्याकडून लाल गालिचा आणि नवरा-नवरीची सोनेरी खुर्ची भाड्यानं आणली. "तीनशे दिरम, वर्षाबाय! म्हणजे साडेतीन हजार रुपये झाले. पण राणी पायरीवर उभी राहील काय?" मीही कमी नव्हते. बाईमाणूस पहिल्यांदा दारात येणार, म्हणून ओटीची तयारी केली. घरी माझी आठ वर्षांची लेक सई मात्र शांतपणे म्हणाली, "आई, व्हाय वुड अ क्वीन कम टू जबल अली?"

"कंटेनर भरायला."

"दॅट्स नॉट अ क्वीन. दॅट्स अ कस्टमर."

गुरुवारी एक पिकअप आला. पुढच्या सीटवर, मांडीवर ॲल्युमिनियमचं भलंमोठं पातेलं घेऊन, पन्नाशीच्या एक धिप्पाड बाई बसल्या होत्या. उतरल्या, पातेलं परकारभाईंच्या हातात दिलं, गालिच्यावर चार पावलं टाकली आणि खाली वाकून गालिचाच चिमटीत धरला. "हे कोणतं?" परकारभाईंना वाटलं, काही चुकलं. सोनेरी खुर्ची पुढे केली, तर बाईंनी मान हलवली. कोपऱ्यात पाण्याच्या कूलरपाशी प्लॅस्टिकचं एक स्टूल होतं, ते त्यांनी पायानं ओढून घेतलं. "राणी स्टुलावर बसते," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "खुर्चीवर काय, कुणीही बसतं." त्यांच्या मुलखात राजाराण्यांची गादी म्हणजे स्टूलच असतं, हे आम्हाला फार नंतर कळलं. त्या दिवशी फक्त एवढंच कळलं, की तीनशे दिरम पाण्यात गेले.

मी ओटी भरली. त्यांनी तांदूळ पदरात घ्यावेत तसे ओच्यात घेतले, नारळ कानाशी नेऊन हलवला (परकारभाई तिथेच गार झाले) आणि ब्लाउज पीस उलगडला. "हे कोणतं?"

"ब्लाउज पीस," मी म्हणाले.

"तो त्याचा धंदा झाला. नाव काय?"

आता काय सांगणार? मी खरं ते सांगून टाकलं. म्हटलं, हे मला जाऊबाईंनी दिलं, त्यांना त्यांच्या मावशीनं, मावशींना कुणीतरी बारशात. आमच्याकडे हे कुणी शिवत नाही, पुढच्या बाईला देऊन टाकतात. राणीसाहेब इतक्या हसल्या की स्टूल हातभर सरकलं. "म्हणजे ह्याचं नाव 'माझ्याकडे थांबू नकोस'!" असं म्हणून त्यांनी तो मोरपंखी तुकडा तिथल्या तिथे डोक्याला गुंडाळला आणि वेअरहाउसभर मिरवून आल्या. बारशापासून दुबईपर्यंत हिंडलेल्या त्या ब्लाउज पीसचा त्या दिवशी प्रवास संपला.

त्या खऱ्या राणी नव्हत्या, हे उघड होतं. पण खोट्याही नव्हत्या. कुमासीच्या बाजारात टोमॅटोची राणी असते, सुक्या मासळीची असते, सुरणाची असते, तशा ह्या कापडाच्या. जन्मानं नव्हे. बाजारातल्या जुन्या बाया मिळून निवडतात. दोघींचं भांडण झालं की मिटवायचं, कुणी विधवा झाली की तिची पथारी सांभाळायची, नगरपालिकेचा माणूस दंडुका घेऊन आला की त्याच्यापुढे जाऊन उभं राहायचं, हे राणीचं काम. "आमच्याकडे पुरुषांना गाव आहे, बायकांना बाजार आहे," त्या म्हणायच्या. "गाव झोपतं. बाजार झोपत नाही."

त्यांच्याकडे म्हणे निवडणुकीला उभा राहणारा प्रत्येक माणूस आधी ह्यांच्या स्टुलापुढे येऊन नमस्कार करतो. एकदा एक जण झकपक सूट घालून आला. राणीसाहेबांनी बाही धरली. "हे कोणतं?" त्याला सांगता येईना. "स्वतःच्या अंगावरचं माहीत नाही आणि माझ्या बाजारातलं तुला कळणार?" असं म्हणून त्याला भर उन्हात कापडाची एक गाठ बाजाराच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत वाहायला लावली, मागून पाचशे बाया टाळ्या पिटत. मी विचारलं, "मग निवडून आला?" "आला ना," राणीसाहेब म्हणाल्या, "पण पाठ अजून दुखते त्याची. बाजाराचा विषय निघाला की आपोआप हात कमरेवर जातो."

ह्या कापडाच्या नावांचं प्रकरण मला हळूहळू उमगत गेलं. तिथे छापील सुती कापडाला नाव पडल्याशिवाय ते खपत नाही, आणि नाव ठरवतात ह्या बाजारातल्या बाया. 'सवत आली, आरसा घेऊन आली', 'माझ्या मागे बोलतेस, मग पुढे चाल' अशी ती नावं. नवऱ्यानं काही उद्योग केले, की त्याची बायको भांडत बसत नाही. योग्य नावाचं कापड शिवून घेते आणि सासरच्या लग्नात तेच घालून पहिल्या रांगेत बसते. "सहा वार बोलतात ना, मग तोंड कशाला दमवायचं?" राणीसाहेब विचारायच्या. मला आमच्याकडच्या कितीतरी बायका आठवायच्या, ज्यांना असं एखादं सहा वार मिळालं असतं तर बरं झालं असतं.

आणखी एक खोड. त्या माणसांना जन्मवाराच्या नावानं हाक मारायच्या. त्यांच्याकडे प्रत्येकाला वाराचं एक नाव असतंच. माझा वार मला ठाऊक नव्हता. राणीसाहेबांना हे कापडाइतकंच अनाथपणाचं वाटलं. तिथल्या तिथे ठाण्याला आईला फोन लावायला लावला. आई घाबरली. "आता ह्या वयात पत्रिका कशाला काढतेस? सगळं ठीक आहे ना तुमचं?" वार निघाला रविवार. तेव्हापासून मी आकोसुआ झाले. परकारभाई शनिवारचे, म्हणून क्वामे. आठवडाभरात पेशावरी लोडरसुद्धा मालकाला "क्वामे साब" म्हणायला लागले.

पण राणीसाहेबांची खरी चीड होती हवेवर. वर्षातून तीनदा त्या येत. दुबईच्या देरा भागातल्या घाऊक बाजारातून कापड, पातेली, टब, चपला, दोरे असं सगळं घेत आणि आमच्याकडे कंटेनर भरून पाठवत. कंटेनर भरून झाला, की दार लावायच्या आधी त्या समोर उभ्या राहून वर बघायच्या. माल आणि छत यांच्यामध्ये हातभर जागा राहिलेली असायचीच. "आकोसुआ," त्या कळवळून म्हणायच्या, "मी दुबईची हवा विकत घेतलेली नाही. मग ती कुमासीला का पाठवतेस?"

"मॅडम, एवढी जागा तर राहतेच," परकारभाई म्हणायचे.

"तुझ्या डोक्यात राहते, क्वामे. माझ्या कंटेनरमध्ये कशाला?"

मग २००८ साल सरता सरता सगळं थांबलं.

आमच्या शारजाच्या खिडकीतून पलीकडच्या बांधकामांवरच्या क्रेन दिसायच्या. माझा नवरा मिलिंद साइट इंजिनियर. सकाळच्या चहाबरोबर तो क्रेन मोजायचा. "आज अकरा फिरतायत." मग सात झाल्या, मग तीन. एके दिवशी त्यानं मोजणं सोडलं, तेव्हाच मी समजले. त्याचा टॉवर अर्ध्यावर राहिला, कंपनीनं माणसं काढली, त्यात तोही गेला. व्हिसा रद्द झाला की तीस दिवस. तेवढ्यात दुसरी नोकरी मिळाली नाही, तर देश सोडायचा. माझा आणि सईचा व्हिसा त्याच्याच व्हिसाला लटकलेला. म्हणजे तिघांनी गाशा गुंडाळून ठाण्याला, सासरच्या दोन खोल्यांत, आणि मिलिंदनं भावाला तोंड दाखवायचं.

मिलिंदला नोकरी गेल्यापेक्षा नोकरी गेल्याचं दिसणं जास्त टोचत होतं. तो रोज सकाळी टाय लावून, ब्रीफकेस घेऊन, मी दिलेला डबा घेऊन बाहेर पडायचा आणि मॉलच्या फूड कोर्टात जाऊन बसायचा. तिसऱ्या दिवशी तिथे आमच्याच बिल्डिंगमधले आणखी दोघे टाय लावून बसलेले सापडले. तिघांनी एकमेकांना ओळख दाखवली नाही. पेपर मात्र एकच घेतला आणि पानं वाटून वाचला.

इकडे आमच्याही ऑफिसात टाइल्स आणि पाइपांचे कंटेनर बंद पडले होते. परकारभाई रोज म्हणायचे, "वर्षाबाय, पुढल्या महिन्यात चार कंटेनर तरी नाय गेले, तर खलास. मी रत्नागिरीला जातो नि आंबे राखतो."

अशात राणीसाहेब आल्या. त्या आठवड्यात वेअरहाउसमध्ये एक बेवारस माल पडून होता. कुठल्याशा बिल्डरनं आपल्या टॉवरच्या उद्घाटनाचे तंबू सजवायला छापून घेतलेलं सुती कापड. गडद निळ्यावर पिवळ्या क्रेन, ओळीनं. बिल्डर गायब, टॉवर गायब, कापड आमच्या गळ्यात. ते छापून देणारा देऱ्यातला व्यापारी म्हणत होता, वाटेल त्या भावात न्या. राणीसाहेब त्या गाठींभोवती सकाळभर घिरट्या घालत होत्या. सोडवतही नव्हतं आणि घेववतही नव्हतं. "कापड सुंदर आहे, पण नाव सापडत नाही," त्या म्हणाल्या. "बिननावाचं मी नेत नाही."

आणि आत मी त्यांच्या मालाचं जहाजाचं बिल टाइप करत होते. त्यांनी माझ्या खांद्यावरून स्क्रीनवर पाहिलं. "आकोसुआ, हे ठाणे कुठल्या समुद्रावर आहे?"

बंदराच्या रकान्यात घानातल्या टेमाच्या ऐवजी मी चक्क ठाणे टाइप केलं होतं. राणीसाहेबांची पातेली, टब, चपला, सगळं मी माझ्या सासरी धाडून मोकळी झाले होते! मला हसू यायला हवं होतं, पण आलं रडू. तिथेच, कीबोर्डवर. सगळं सांगून टाकलं. तीस दिवसांतले अकरा संपले होते, तेही सांगितलं.

"नवरा कुठे आहे?"

"मॉलमध्ये. ऑफिसला गेलाय तो."

"आणि तू?"

"मी काय? मला बाराच्या आत तीन बिलं काढायचीत. क्रेन थांबली म्हणून बायको थांबते का?"

राणीसाहेब माझ्याकडे बघतच राहिल्या. मग त्यांना हसू फुटलं. टेबलावर थापा मारून मारून हसल्या. मला फार राग आला. माणूस रडतंय, आणि ही बाई! पण त्यांनी डोळे पुसले, पर्समधून वही काढली, काहीतरी लिहिलं आणि बाहेर ओरडल्या, "क्वामे! त्या क्रेनच्या सगळ्या गाठी माझ्या!" मग मला म्हणाल्या, "तुझा नवरा कुठल्या वाराचा?"

"बुधवारचा."

"उद्या त्या बुधवारला इथे आण."

दुसऱ्या दिवशी मिलिंद आला. टाय, ब्रीफकेस, कपाळावर आठ्या. राणीसाहेबांनी टाय चिमटीत धरला. "हे कोणतं?"

"पॉलिस्टर," मिलिंद तुटकपणे म्हणाला.

"खरं बोललास. चांगलं लक्षण आहे." आणि त्याला अर्धवट भरलेल्या कंटेनरपुढे नेऊन उभं केलं. "तू इंजिनियर ना? ही वरची हवा काढून दे."

"मॅडम, मी टॉवर बांधतो."

"टॉवर आडवा पाडला की काय होतं? कंटेनर."

मिलिंदनं कंटेनरमध्ये डोकं घातलं. एकदा छताकडे बघितलं, एकदा मालाकडे. मग ब्रीफकेस उघडली. आत काय होतं हे मला पहिल्यांदाच कळलं. एक मेजरिंग टेप आणि माझा डबा. त्यानं टेप काढला, टाय माझ्या हातात दिला आणि लोडरना म्हणाला, "सब बाहर निकालो. सब."

पुढचे तीन तास काय सांगू! पातेल्यात पातेली गेली, पातेल्यांत चपला गेल्या, चपलांत दोऱ्याची रिळं गेली. टब एकात एक घुसले. कापडाच्या गाठी आडव्या होत्या त्या उभ्या झाल्या, मग अर्ध्या पुन्हा आडव्या. मिलिंद घामानं निथळत ओरडत होता, "नीचे से! नीचे से!" आणि राणीसाहेब स्टुलावर बसून, कुठेही बोटभर फट दिसली की दुखऱ्या दाताकडे बोट दाखवावं तशा दाखवत होत्या. परकारभाई कोट काढून मदतीला गेले, तर मिलिंदनं त्यांना "भाई, तुम्ही जागा अडवता" म्हणून बाहेर काढलं. शेवटची गाठ आत जाईना. दोन पेशावरी, मिलिंद आणि मालक असे चौघं दाराला खांदा लावून उभे राहिले आणि दार खाडकन बसलं. जिथे शंभर गाठी जायच्या, तिथे एकशे एकवीस गेल्या, क्रेनच्या कापडासकट.

राणीसाहेब उठल्या. पत्र्याला कान लावला, बोटानं टकटक केलं. आतून पोकळ आवाज आला नाही. "दुबई गप्प झाली," त्या हळूच म्हणाल्या, आणि मग त्यांनी जो नाच धरला! भर दुपारी, वेअरहाउसच्या दारात, डोक्याला तोच मोरपंखी ब्लाउज पीस. परकारभाईंना ओढलं, मला ओढलं. मिलिंद नाचला नाही. पण कित्येक दिवसांनी हसला. मी त्याचा टाय हातात घेऊन गोल गोल फिरत होते.

देऱ्यातल्या छोट्या हॉटेलांमध्ये आफ्रिकेतल्या कितीतरी देशांच्या व्यापारी बाया उतरायच्या. मंदी आली म्हणून त्यांच्या पोरांच्या फिया थांबल्या नव्हत्या, तशा त्याही थांबल्या नव्हत्या. राणीसाहेबांनी तिथे न्याहारीच्या टेबलावर जाहीर केलं, की जबल अलीत एक बुधवारचा माणूस आहे, तो हवा पाठवत नाही. पुढच्या आठवड्यात आमच्या दारात नऊ बाया उभ्या. कुणी युगांडाची, कुणी नायजेरियाची, प्रत्येकीच्या हातात यादी. चार कंटेनर म्हणत होतो, ते सात गेले. परकारभाईंनी मिलिंदला लोडिंग सुपरवायझर म्हणून कंपनीचा व्हिसा दिला तो सव्विसाव्या दिवशी. "इन्शाल्ला, आता आंबे पुढल्या जन्मात," ते म्हणाले.

इथे गोष्ट संपली असती तर मिलिंद कायम राणीसाहेबांच्या पाया पडला असता. पण चार महिन्यांनी त्या परत आल्या, फोटोंचं पाकीट घेऊन. कुमासीच्या बाजारात जिकडे तिकडे निळ्यावर पिवळ्या क्रेन. टोमॅटोवाल्या, मासळीवाल्या, शाळेतल्या बाई, सगळ्यांच्या अंगावर. कापड दोन आठवड्यांत संपलं होतं. पुन्हा छापून घ्यायला त्या आल्या होत्या.

"नाव काय ठेवलंत?" मी विचारलं.

"तूच तर दिलंस! 'क्रेन थांबली, बायको कामाला'."

मिलिंद शेजारीच उभा होता. त्याचा चेहरा उतरला. बाहेर जाऊन तो उन्हात उभा राहिला. त्या दिवशी घरी "मीठ दे" एवढंच बोलला. दुसऱ्या दिवशी तेही नाही, मीठ स्वतः उठून घेतलं. शेवटी फुटला. "माझी नामुष्की सहा-सहा वारांनी विकली तुम्ही दोघींनी! लोक अंगावर घालून हिंडतायत!" मला वाईट वाटलं. माझ्या तोंडून गेलं होतं ते, आणि ते खरंही होतं. म्हणूनच त्याला लागलं होतं.

मी राणीसाहेबांना सांगितलं. त्या स्टूल उचलून थेट मिलिंदपुढे जाऊन बसल्या. "बुधवार, ऐक. माझ्या नवऱ्याचा ट्रक मोडला होता. चार वर्षं तो आंब्याच्या झाडाखाली बसून होता. कुणाला सांगायचं नाही, कुणी विचारायचं नाही. मीही गप्प. चार वर्षं मी पहाटे कापड डोक्यावर घेऊन जायचे आणि आम्ही दोघं असं दाखवायचो की ट्रक दुरुस्तीला गेलाय. माझ्या बाजारातल्या प्रत्येक बाईच्या घरात एक क्रेन उभी आहे, बाळा. तिचं नाव घ्यायची कुणाची छाती नव्हती. दुःखाचं कापड झालं की ते एकट्याचं राहत नाही. आता ती क्रेन अख्ख्या बाजारानं उचललीय. तू एकटा कशाला उचलतोस?"

मिलिंद बराच वेळ टेप उघडबंद करत राहिला. मग म्हणाला, "त्यांचे नवरे काय म्हणतात?"

"त्यांनी शर्ट शिवले."

त्यांनी चार वार कापड मिलिंदच्या हातात ठेवलं. त्यानं ते घेतलं, "थँक यू मॅडम" म्हणाला, आणि घरी आणून कपाटात सगळ्यात खाली ठेवून दिलं. मी एकदा शिंप्याकडे टाकते म्हटलं, तर म्हणाला, "असू दे."

त्या क्रेननं कुमासीत पुढे बरेच पराक्रम केले. एकदा नगरपालिकेनं बाजाराची एक रांग पाडायचं ठरवलं. राणीसाहेबांनी आमच्या ऑफिसात स्टुलावर उभं राहून तो प्रसंग करून दाखवला होता. सगळ्या बाया ते कापड घालून साहेबांच्या दारात जाऊन नुसत्या बसल्या. घोषणा नाही, दगड नाही. साहेब बाहेर आले, कापड वाचलं, हसू दाबलं. आत गेले, परत आले. तेवढ्यात त्यांची बायको डबा घेऊन आली. तिच्याही अंगावर तेच. "रांग अजून उभी आहे," राणीसाहेब म्हणाल्या आणि स्टुलावरून उडी मारली. आम्हा सगळ्यांचा जीव वर-खाली झाला.

काळ गेला. क्रेन पुन्हा फिरायला लागल्या. मिलिंदला साइटवर परत बोलावणं आलं, पण तो गेला नाही. "तिथे नुसती उंची असते," म्हणाला. परकारभाईंनी त्याला भागीदार करून घेतलं. राणीसाहेब येत राहिल्या, मग गुडघ्यांमुळे येणं कमी झालं, मग नुसते फोन. "आकोसुआ, हवा?" "नाही, राणीसाहेब." "बरं."

आणि एका सकाळी त्यांच्या मुलीचा मेसेज आला. आई झोपेतच गेली. मी ऑफिसात बसून मोठ्यानं रडले. मला दोन आया होत्या, एक ठाण्याला आणि एक कुमासीला, हे मला त्या दिवशी कळलं.

त्यांच्याकडे भरलं आयुष्य जगून गेलेल्या माणसासाठी लाल-काळं नेसत नाहीत. काळं-पांढरं घालून नाचतात. त्यासाठी नवं कापड छापायचं होतं. मुलगी स्वतः दुबईला आली. पांढऱ्यावर काळ्या क्रेन छापून घेतल्या आणि कंटेनर भरायला आमच्याकडे आली. आईसारखीच धिप्पाड, आईसारखंच चालणं. त्या सकाळी मिलिंद माझ्या आधीच निघून गेला होता. मी पोचले तर तो कंटेनरपाशी उभा, अंगात निळ्यावर पिवळ्या क्रेनचा कोरा शर्ट. मला न सांगता शिवून आणला होता. मुलीनं त्याला पाहिलं, जवळ गेली आणि बाही चिमटीत धरली.

"हे कोणतं?"

"क्रेन थांबली, बायको कामाला," मिलिंद म्हणाला. सगळ्या लोडरांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

तिला हसू आणि रडू एकदमच आलं. मग तिनं आईची वही काढली. "आई म्हणून गेलीय, ह्या कापडाचं नाव जबल अलीहून येईल. काय ठेवायचं?" ती माझ्याकडे बघत होती. मी मिलिंदकडे बघितलं. मिलिंद आपला शेवटच्या गाठी बसवत होता. उभी, आडवी, पुन्हा उभी. दार लावलं. पत्र्याला कान टेकला, बोटानं टकटक केलं, आणि हात तिथेच ठेवून मराठीतच म्हणाला,

"गच्च भरून गेली."

मी तिला अर्थ सांगितला. तिनं तो तिथूनच फोनवर कुमासीला, बाजारातल्या बायांना, त्यांच्या भाषेत सांगितला. पलीकडून असा हशा आणि टाळ्या उसळल्या, की तिनं फोन कानापासून लांब धरला आणि पंचाहत्तरीला टेकलेले क्वामे साब सगळ्यांत आधी नाचायला लागले. ह्या वेळी मिलिंदही नाचला.

ट्रेलर गेल्यावर मी आत येऊन बिल टाइप करायला बसले. बंदराच्या रकान्यात टेमा लिहिलं, दोनदा तपासलं. मालाच्या रकान्यात इतकी वर्षं मी 'छापील सुती कापड' एवढंच लिहीत आले होते. ह्या वेळी त्याच्यापुढे कापडाचं नाव लिहिलं. कस्टमच्या क्लार्कचा फोन आलाच, की हे काय आहे. मी त्याला सांगितलं, हे त्याचं नाव आहे, तसंच राहू द्या.